नंबराचा तुकडा

खंडेनवमीच्या दिवशी आपल्या हातांचं काय करावं, हे बन्सी म्हसेला आजवर कधी कळलेलं नाही. वर्षभर ते हात काहीतरी कापत असतात, जोडत असतात, घासत असतात. आणि त्या एका दिवशी सगळी हत्यारं धुऊन, पुसून, हळद-कुंकू लावून चटईवर ओळीनं मांडलेली असतात. नवमीला पूजलेलं हत्यार दसऱ्याच्या दुपारपर्यंत उचलायचं नाही, हा त्याच्या वडलांपासूनचा शिरस्ता. मग बन्सी दुकानात येरझाऱ्या घालतो, बायकोच्या स्वयंपाकात लुडबुड करतो, पाच वेळा चहा मागतो, आणि सहाव्यांदा रुपाली त्याला घराबाहेर काढते.

यंदा मात्र त्यानं एकदाही चहा मागितला नाही. तो काहीतरी लपवतोय, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

राहुरी फॅक्टरीला हमरस्त्यालगत बन्सीचं वेल्डिंगचं दुकान आहे. बाहेर उसाच्या ट्रॉल्या रांगेनं उभ्या, कारण हंगाम तोंडावर आला की सगळ्या शेतकऱ्यांना एकाच आठवड्यात आपली ट्रॉली मोडकी असल्याचा शोध लागतो. पण आत, पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली एलिया सरांची एकसष्ट सालची फियाट उभी होती. त्या गाडीपायी बन्सीनं दोन महिने ट्रॉलीवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या आणि एकही मनाला लावून घेतली नव्हती.

एलिया साळवे सरांनी बन्सीला पाचवी ते सातवी गणित शिकवलेलं. वर्गात भोवरा, बेचकी, गोट्या, काहीही सापडलं की सर ते जप्त करत. मारत नसत. वस्तू कागदात गुंडाळायची, वर पेन्सिलीनं पोराचं नाव लिहायचं आणि कपाटात ठेवायची. वर्ष संपलं की ज्याची त्याला परत. सरांच्या कपाटात बन्सीचा जितका माल जमा असे तितका साऱ्या वर्गाचा मिळून नसेल. दहावीनंतर पोरगा ऊसतोडीच्या टोळीत जायला निघाला, तेव्हा त्याला सायकलवर डबलसीट घेऊन आयटीआयचा फॉर्म भरायला नेलं तेही सरांनीच.

फियाट सरांच्या वडलांची. ते मिशनच्या दवाखान्यात ड्रायव्हर होते. तिथले डॉक्टर मायदेशी परतताना गाडी त्यांना देऊन गेले. सरांची बहीण नवरी होऊन याच गाडीतून चर्चला गेली, दोन पुतण्या गेल्या, आणि आता नाताळानंतर सरांची धाकटी कृपा जायची होती. त्याआधी गाडीची नोंदणी नव्यानं करून घ्यायची होती. तपासणीची तारीख मिळालेली, श्रीरामपूरला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

गाडीचा तळ गंजला होता, दारांखालचे उंबरे गंजले होते, ते सगळं बन्सीनं नवं घातलं. शेवटी राहिला इंजिनामागचा पत्र्याचा उभा पडदा. बॅटरी तिथंच बसते. साठ वर्षं तिचं ॲसिड झिरपून पडद्याची चाळण झालेली. आणि नेमका त्या चाळणीच्या कडेला गाडीचा चेसिस नंबर ठोकलेला. नंबर म्हणजे गाडीचा जन्मदाखला. तो गेला तर कागदावरची गाडी वेगळी आणि समोरची वेगळी. म्हणून बन्सीनं नंबराभोवतीचा तळहाताएवढा तुकडा आधी अलगद कापून घेतला, मग पडदा बदलला, आणि नव्या पडद्यात त्याच मापाची खिडकी ठेवली. तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून ग्राइंडरमागच्या फळीवर ठेवला. निवांत, मन लावून बसवायचा, म्हणून.

हा निवांतपणाच त्याला नडला.

अष्टमीला तो कोपरगावकडे एका शेतकऱ्याच्या ट्रॉलीचा दांडा जोडायला गेला. मागं रुपालीनं दरवर्षीप्रमाणं दुकान झाडून काढलं. पूजेआधी भंगाराचा कणही दुकानात राहू द्यायचा नाही, ही तिची शिस्त. राहीबाई भंगारवाली दरवर्षीप्रमाणं तीनचाकी घेऊन आली आणि ढीग भरून घेऊन गेली. फळीवरचं वर्तमानपत्र रुपालीनं उलगडून बघितलं होतं. आत गंजका, भोकं पडलेला पत्रा होता. असला पत्रा जपून ठेवण्यासारखा असतो हे तिला कुणी सांगितलं होतं?

नवमीची आरती झाली, नारळ फुटला, आणि बन्सीची नजर सहज फळीकडे गेली. फळी रिकामी होती. रुपालीला विचारलं तेव्हा तिनं सरळ सांगितलं, आणि सांगता सांगताच त्याचा चेहरा बघून तिचा आवाज बसत गेला. तो तिच्यावर ओरडला नाही. चप्पल घातली, मोटारसायकलला किक मारली आणि गेला.

राहीबाईची खोली पाटाच्या कडेला. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ती नेवाशाला बहिणीकडं गेली हाय, उद्या दसऱ्याला येईल. बन्सी तिथनं भंगाराच्या गोडाऊनला गेला. मालक झेंडूच्या माळा लावत होता. त्यानं हसत हसत सांगितलं की राहीबाईचा माल काल संध्याकाळीच गाडीत भरला, गाडी जालन्याला पोचलीसुद्धा असेल, आणि तिथल्या भट्टीला दसरा-दिवाळी नसते. ढिगात आता बघायला काही उरलंच नव्हतं. तरी बन्सीनं गोडाऊनच्या रिकाम्या कोपऱ्यात पायानं माती उकरून बघितली.

परतीच्या वाटेवर तो देवळाली प्रवराच्या फाट्यावर थांबला. तिथनं सरांचं घर पाच मिनिटांवर. जाऊन सांगायचं, सर, माझ्याकडनं नंबर हरवला. मग पोलिसांत अर्ज, आरटीओची परवानगी, नवा नंबर मिळेपर्यंत किती महिने जातील कोण जाणे, आणि कृपा भाड्याच्या गाडीतून चर्चला जाईल. हे सगळं त्याला झेपलं असतं. झेपणार नव्हता तो सरांचा चेहरा. सर रागावले नसते. "असू दे, बन्सी," म्हणाले असते, आणि तेच त्याला नको होतं.

त्यानं गाडी वळवली ती सरांच्या घराकडे नाही, दुकानाकडे. राहीबाई उद्या येणार होती. एक दिवस थांबून तिला नुसतं विचारायला काय हरकत होती? पण थांबेल तो बन्सी कसला.

गंमत अशी की कामात हाच माणूस थांबायला शिकलेला. ट्रॉलीचा जाड पत्रा कसाही भाजला तरी खपतो. मोटारीचा पत्रा पातळ. एका दमात वेल्डिंग ओढलं की पोळीसारखा फुगतो आणि परत कधी सरळ होत नाही. म्हणून एक टाका इथं, दुसरा वीतभर लांब, मग तळहात ठेवून बघायचं. चटका बसला तर थांबायचं, पत्रा निवला की पुढचा टाका. फियाटच्या एकेका जोडाला बन्सी असा तासन्‌तास थांबला होता. पत्र्यासाठी त्याच्याकडे धीर होता. स्वतःसाठी नव्हता.

दुपारी त्यानं शटर अर्धं खाली ओढलं. चटईवर हत्यारं झोपलेली. त्यांतल्या एका लाकडी पेटीत आकड्यांचे पोलादी ठसे होते, शून्य ते नऊ, प्रत्येकाच्या डोक्यावर रुपालीनं कुंकवाचं एकेक बोट टेकवलेलं. बन्सीनं हात पुढं केला, मागं घेतला. बाहेर जाऊन पाणी प्यायला. परत आला. मग चटकन पेटी उचलली, जशी काही दुसऱ्या कुणाची असावी.

त्याच्याकडे तशाच जुन्या गाडीचं फुटकं बॉनेट होतं. त्यातला तुकडा कापला. नोंदणीच्या कागदावरून आकडे घेतले आणि एकेक ठोकत गेला. मूळ नंबरातला शेवटचा सात ओळीच्या जरा खाली उतरलेला होता, हे त्याला आठवत होतं. त्यानंही सात तेवढाच खाली ठोकला. वर ॲसिड फिरवून नवेपणा मारला. मग तुकडा खिडकीत धरून टाके घातले, थांबत थांबत, हात लावून बघत. जोड घासून साफ केला तेव्हा बोट फिरवूनही कुठं काही लागत नव्हतं. असं काम त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि क्षणभर त्याला त्याचा अभिमानसुद्धा वाटला. त्या अभिमानाचीच त्याला नंतर जास्त लाज वाटत राहिली.

रुपाली चहा घेऊन आली. चटईवरच्या ओळीत पडलेली फट तिनं बघितली.

"नवमीला उचलली?"

"तुकडा मिळाला," बन्सी म्हणाला. "बसवून टाकला. उद्या घाई नको."

 तिच्या जिवावरचं ओझं उतरलेलं त्याला दिसलं, आणि ते आपल्या छातीवर येऊन बसलेलं कळलं.

त्यानंतर त्याला कुठंच बसवेना. ठशांवरचं कुंकू त्याच्या अंगठ्याला लागलं होतं. तो मोरीवर जाऊन दोनदा साबणानं हात धुऊन आला. एका ट्रॉलीची चाकं उगाच तपासली. घरात गेला, बाहेर आला. ताडपत्री उचलून नंबर बघितला, झाकला, परत उचलला. जेवताना रुपालीनं दोनदा भाजी वाढली तरी पहिलीच संपलेली नव्हती.

दसऱ्याच्या सकाळी तो गाडी धूत होता. घराच्या बाजूनं बायकांचं बोलणं ऐकू आलं. थोड्या वेळानं रुपाली दुकानात आली. तिच्या एका हातात आपट्याची पानं होती आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्राची पुडी. पुडी तिनं बाकावर ठेवली आणि उलगडली. गंजका, भोकं पडलेला पत्रा. वर नंबर. शेवटचा सात जरा खाली.

राहीबाई सोनं द्यायला आली होती, तिनंच तो आणला होता. ती म्हणे आकडे असलेला पत्रा कधी विकत नाही. मागं एकदा कुणाच्या तरी गाडीची पाटी तिच्या मालात सापडली आणि पोलिसांनी तिला दोन दिवस बसवून ठेवलं. तेव्हापासून आकडा दिसला की ती तेवढा माल बाजूला काढते आणि ज्याचा त्याला नेऊन देते. वाचता येत नाही तिला, पण आकडा कळतो.

"तुमी तर मिळाला म्हनला हुता," रुपाली म्हणाली.

बन्सी पाण्याचा पाइप हातात धरून उभा राहिला. पाणी त्याच्याच पायावर पडत होतं. नळ रुपालीनं बंद केला. मग ती गाडीपाशी गेली, पडद्यावरचा नंबर बघितला, बाकावरचा बघितला आणि घरात निघून गेली. एक दणकून शिवी हासडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्यानं पुडी उचलली आणि बाकाच्या खणात सारली. आता कुणाला काय कळणार आहे? पडद्यावरचा नंबर मूळच्याहून सुबक होता. आकडे तेच, पत्रा त्याच जमान्यातला. सर येतील, बघतील, उद्या सकाळी गाडी नेतील, कृपा त्यात बसेल. कुणाचं काही बिघडत नव्हतं. हे त्यानं मनाशी तीन-चार वेळा म्हटलं, आणि प्रत्येक वेळी खणाकडे बघितलं.

सर दुपारी आले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी. सर चर्चला जाणारे, पण दसऱ्याला गावभर सोनं वाटणारे. आल्याबरोबर त्यांनी पानं पुढं केली. बन्सीनं हात तेलकट असल्याचं सांगितलं, म्हणून त्यांनी ती बाकावर ठेवली. गाडीभोवती एक फेरी मारली, उंबऱ्यांवरून हात फिरवला, दार उघडलं, लावलं, परत उघडलं. दाराचा आवाज ऐकून त्यांचे डोळे भरले. त्यांच्या वडलांच्या काळात दार अस्संच लागायचं, म्हणाले.

मग पिशवीतून फाईल काढली. आरटीओला नंबराचा ठसा लागतो. सरांनी पातळ कागद पडद्यावरच्या आकड्यांवर धरला आणि वरून पेन्सिल आडवी फिरवली. आकडे एकेक करून कागदावर उमटले. फाईलमध्ये असाच एक जुना ठसा होता, ब्याऐंशी सालचा, वडलांनी घेतलेला. सरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

बराच वेळ ते बघत राहिले. 

जुन्या ठशात चारच्या खाली एक आडवी रेघ होती. वडलांचा पाना एकदा निसटला होता, त्याचा ओरखडा. नव्या ठशात तो नव्हता.

"घासताना गेला असेल," सर आपणच म्हणाले. "तू इतकं स्वच्छ केलंस. जायचाच तो."

त्यांनी चष्मा पुसला, फाईल बाकावर ठेवली आणि एक अर्ज काढला. गाडीचा पत्रा बदललेला असल्यानं मालकानं लेखी द्यायचं होतं. सरांनी ते घरूनच लिहून आणलं होतं, त्या ठसठशीत अक्षरात, जे बन्सीनं फळ्यावर तीन वर्षं बघितलं होतं. गाडीवरील चेसिस नंबर मूळचा असून त्यात कोणताही फेरफार झालेला नाही, हे मी खात्रीपूर्वक लिहून देतो. खाली पूर्ण नाव, आणि सहीची जागा मोकळी. सरांनी पेनाचं टोपण काढलं.

आयुष्यात कधी खोटी हजेरी न लावलेला माणूस आता बन्सीच्या भरवशावर खोटं लिहून देणार होता.

बन्सीनं कागदावर हात ठेवला. तेलाचा पंजा सरांच्या अक्षरांवर उमटला.

"सही करू नका, सर."

त्यानं खण ओढला, पुडी काढली आणि उलगडून त्यांच्यापुढं ठेवली. मग सगळं सांगितलं. कोपरगाव, राहीबाई, जालन्याची गाडी, देवळालीच्या फाट्यावरून माघारी फिरणं. रुपालीचं नाव मात्र त्यानं घेतलं नाही. तुकडा माझ्याच हातानं भंगारात गेला, म्हणाला. सांगताना तो एका जागी उभा होता, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याचे हात हलत नव्हते.

 सरांनी नवा पातळ कागद घेतला, गंजक्या तुकड्यावर धरला आणि पेन्सिल फिरवली. आकडे फिकट आले. सात जरा खाली आला. आणि चारच्या खाली वडलांचा ओरखडा आला. सरांनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"बसव," ते म्हणाले. "मी बसतो."

स्टूल ओढून ते बसले. बन्सीनं ग्राइंडर घेतला आणि आपलं आजवरचं सर्वांत चांगलं काम कापून काढलं. गंजका तुकडा खिडकीत धरला. कडा इतक्या खाल्लेल्या होत्या की पहिल्याच टाक्याला एका ठिकाणी भोक पडलं. मागं तांब्याची पट्टी धरून त्यानं ते भरलं. एक टाका, मग थांबायचं. हात लावायचा, चटका, थांबायचं. एरवी त्या थांबण्यात तो काहीतरी गुणगुणायचा. आज मागं सर बसले होते आणि बघत होते. प्रत्येक टाक्यानंतर पत्रा निवेपर्यंतचा तो वेळ, एकूण बावीस टाके. त्यानं शाळेतही एवढी मोठी शिक्षा भोगली नव्हती.

जोड दिसत होता. तुकड्याभोवती चौकट उठून आली होती, लपवायला जागाच नव्हती. घासून तो झाकता आला असता, पण बन्सीनं ग्राइंडर परत उचलला नाही.

सरांनी तेलाचा पंजा असलेला कागद फाडला आणि दुसरा लिहायला घेतला. पडदा गंजल्यामुळे नंबराचा भाग कापून, तोच मूळ भाग पुन्हा जोडला आहे. सोबत ब्याऐंशी सालचा ठसा जोडत आहे. लिहून झाल्यावर त्यांनी तो बन्सीला वाचायला दिला. असं लिहिलं तर उद्या साहेब गाडी बाजूला लावतील, दहा प्रश्न विचारतील, कदाचित परतही पाठवतील, असं बन्सी म्हणाला.

"पाठवू देत. कृपा चालत गेली तरी चर्च पळून जात नाही." त्यांनी सही केली आणि पेन त्याच्याकडे दिलं. "जोडणारा म्हणून खाली तूही कर. पूर्ण नाव."

बन्सीनं केली. अक्षर वेडंवाकडं आलं. सरांनी नेहमीसारखी मान हलवली.

निघताना सरांनी जमिनीवर पडलेला खोटा तुकडा उचलला. दोन्ही बाजूंनी बघितला, जोडाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग तो राहीबाईच्याच वर्तमानपत्रात गुंडाळला, खिशातली पेन्सिल काढली आणि वर लिहिलं, बन्सी म्हसे. पुडी पिशवीत टाकली.

"सोनं बाकावर ठेवलंय, ते घे," ते म्हणाले. "सकाळी आठला येतो. तू बरोबर चल."

बन्सी त्यांच्या मागोमाग रस्त्यापर्यंत गेला. ट्रॉल्यांच्या रांगेपाशी त्याला राहवलं नाही.

"परत कधी देनार, सर?"

"वर्ष संपलं की."

कोणतं वर्ष, ते सरांनी सांगितलं नाही आणि बन्सीनं विचारलं नाही.